निवडणुकोत्तर की मतदानोत्तर?

शब्द निवडण्याआधी घटनेची तारीख बघा. २०२४च्या लोकसभेसाठी मतदानाचा शेवटचा टप्पा १ जूनला झाला, मतमोजणी ४ जूनला आणि आचारसंहिता उठली ६ जूनला. मतदान संपल्यापासून मतमोजणीपर्यंतच्या दोन-तीन दिवसांत जे घडलं ते मतदानोत्तर. निवडणूक तेव्हा संपलेलीच नव्हती.

एक्झिट पोलला 'निवडणुकोत्तर चाचणी' म्हणणं चूक ठरतं ते यामुळेच. मतदारांना केंद्राबाहेर गाठून केली ती मतदानोत्तर चाचणी. मतदान झाल्यावर घरोघरी जाऊन विचारलं असेल तर 'मतदानोत्तर सर्वेक्षण' लिहा. दोन्हींची पद्धत वेगळी, त्यामुळे शब्दांची सरमिसळ नको. निकाल लागल्यावरच्या गोष्टींना मात्र 'निवडणुकोत्तर' बेलाशक वापरा: निकालापासून ३० दिवसांत उमेदवाराने द्यायचा खर्चाचा हिशेब, ४५ दिवसांत करायची निवडणूक याचिका.

खरी काळजी 'युती'पाशी घ्यायची. सरकार स्थापनेसाठी कोणाला आधी बोलवावं याचा जो क्रम केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने सुचवला, त्यात निवडणूकपूर्व आघाडी पहिली. मग इतरांच्या पाठिंब्यावर दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, आणि निवडणुकोत्तर आघाडी त्याच्याही खाली. म्हणजे एका विशेषणाने दाव्याचं वजन बदलतं. गोव्यात २०१७ साली ४० पैकी १७ जागा काँग्रेसच्या, १३ भाजपच्या; तरी गोवा फॉरवर्ड, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) आणि अपक्षांना घेऊन भाजपने सरकार केलं. ही निखळ निवडणुकोत्तर आघाडी. महाराष्ट्रात २०१९ साली प्रकरण गुंतागुंतीचं होतं. भाजप-शिवसेना युती निवडणूकपूर्व, ती निकालानंतर मोडली. महाविकास आघाडी निवडणुकोत्तर, पण तिच्यातली काँग्रेस-राष्ट्रवादी जोडी निवडणुकीआधीचीच. अशा वेळी सगळ्यांना एकच विशेषण लावू नका, कोण कधी एकत्र आलं ते वाक्यातच सांगा.

आता लेखन. निवडणूक + उत्तर = निवडणुकोत्तर. संधीमुळे 'णू' बदलत नाही, बदलतो तो 'क': त्याचा 'को' होतो. मग ऱ्हस्व 'णु' का? 'निवडणुकीत'मध्ये होतो त्याच कारणाने: दीर्घ अक्षर शब्दाच्या शेवटाआधीचं राहिलं नाही. 'निवडणूकपूर्व'मध्ये मूळ शब्द अखंड आहे, तिथे 'णू' दीर्घच. छापील मजकुरात 'निवडणूकोत्तर'ही दिसतं. एका लेखात दोन्ही रूपं तरी नसावीत.

हे विशेषण आहे, नामाला चिकटूनच शोभतं: निवडणुकोत्तर हिंसाचार, निवडणुकोत्तर समझोता. 'निवडणुकोत्तर दोन्ही नेते भेटले' हे मराठी नव्हे. तिथे साधं 'निवडणुकीनंतर'. आणि 'निवडणुकोत्तर काळानंतर' लिहिण्याआधी तुम्हाला नेमका कोणता काळ म्हणायचाय ते ठरवा, कारण बहुतेक वेळा 'नंतर' दोनदा आलेलं असतं.