ट्रेकिंगचं सामान घेताना दुकानातला जाणकार माणूस कसा शोधायचा

बूट, सॅक, जॅकेट घ्यायला गेलं की टॅगवरचं वाचून दाखवणारे ढिगाने भेटतात, खरी माहिती असलेला एखादाच असतो आणि तो नेमका दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे अडकलेला असतो. म्हणून आधी फोन करून विचारा की बुटांचं फिटिंग कोण बघतं आणि ते कधी असतात. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत चांगला माणूस पण पाच मिनिटांत उरकून टाकतो. मधल्या वारी संध्याकाळच्या सुमारास गेलात तर बरं, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि बूट त्याच पायावर बघायचे असतात. मोजे घरूनच न्या, चालताना घालणार तेच.

गेल्या गेल्या मॉडेलचं नाव घेऊ नका. "चालायला बूट हवेत" एवढंच म्हणा आणि गप्प रहा. ज्याला कळतं तो आधी तुम्हालाच विचारतो, वाट कशी आहे, किती दिवस, पाठीवर वजन किती, आधीचे बूट कुठे चावायचे. काहीच न विचारता सगळ्यात महागडा बॉक्स उघडला की समजून जा.

मग तो पाय मोजतो का बघा. दोन्ही पाय, उभं करून, लांबी आणि रुंदी दोन्ही. लेस नीट बांधून उतरत्या फळीवर किंवा जिन्यावरून चालायला लावतो, कारण उतरताना बोटं पुढे आपटली तर बूट लहान आहे, चढताना टाच उचलली जात असेल तर लेस नाहीतर बुटाचा आकारच चुकलाय. आणि बोटं आपटतायत सांगितल्यावर "वापरून सैल होतील" असं उत्तर आलं तर सरळ दुसऱ्या कोणाला तरी बोलवा, बूट थोडा मऊ पडतो हो पण लांबीला वाढत नाही.

सॅकचं पण तसंच, नुसते लिटर सांगणारा अर्धवट. मान खाली घातल्यावर मागे जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठ मोजायची, सॅकमध्ये वजन भरायचं, आधी कमरेचा पट्टा आवळायचा मग खांद्याचे. हे आपण न सांगताच करणारा भेटला तर त्याला सोडू नका 😀

जॅकेट बघताना मुद्दाम विचारा, "यात घाम येईल का?" अजिबात नाही म्हणाला तर त्याला विकायची घाई आहे, कारण वॉटरप्रूफ कापडातून थोडी वाफ बाहेर जाते पण खड्या चढाला घाम त्यापेक्षा जास्तच येतो. स्लीपिंग बॅग घेत असाल तर कम्फर्ट (ज्या थंडीत आरामात झोप लागते) आणि लिमिट (ज्या थंडीत कसंबसं निभतं) तापमानातला फरक विचारा, लिमिट आकडा बघून घेतली तर थंडीत कुडकुडाल.

माझा आवडता प्रश्न मात्र "हा बूट कोणी घेऊ नये?" जाणकार लगेच सांगतो, रुंद पायवाल्यांनी नको, जड सॅक असेल तर नको. एखादं उत्तर येत नसेल आणि "थांबा, विचारून सांगतो" म्हणाला तरी चालेल, त्यात काही कमीपणा नाही. उलट खूप फिरलेला माणूस कधीकधी स्वतःच्या पायाला बसलेला ब्रँड सगळ्यांच्या गळ्यात मारतो, तेवढं जपून.

निघताना बदलून द्यायचे नियम विचारा, आणि बूट आधी चार दिवस घरातच घालून फिरा, तळ स्वच्छ राहिला की बदलायला अडचण येत नाही सहसा.