भाऊबीजेची कोर आणि मंगळयान: अवकाशप्रेमी आप्तांसाठी दिवाळीचे शुभेच्छापत्र कसे करावे

शुभेच्छापत्र करायला बसण्यापूर्वी पंचांग आणि अवकाश मोहिमांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवाव्यात. २२ ऑक्टोबर २००८ रोजी पहाटे श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-१ निघाले आणि सहा दिवसांनी लक्ष्मीपूजन आले, तेव्हा ते यान अजून पृथ्वीभोवतीच आपली कक्षा वाढवत होते. चंद्राच्या कक्षेत ते ८ नोव्हेंबरला पोहोचले. मंगळयान तर ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, ऐन भाऊबीजेला दुपारी २.३८ वाजता उडाले. आपल्या बेळगावच्या कॅम्पातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना नाताळचे पत्र द्यायचे असेल, तर २४ डिसेंबर १९६८ ही तारीख घ्यावी. त्या दिवशी अपोलो-८ च्या अंतराळवीरांनी चंद्राभोवती फिरताना उगवत्या पृथ्वीचे छायाचित्र टिपले होते.

एका पत्रात एकच तारीख घ्यावी, आणि त्या दिवशी आपण कोठे होतो हे दोन-तीन वाक्यांत लिहावे. माझ्या मते पत्राचा खरा जीव इथेच असतो. माझ्या अक्काला पाठवलेल्या पत्रात मी लिहिले होते की, २०१३ च्या भाऊबीजेला आपण शहापुरातल्या घराच्या गच्चीवर गेलो, पश्चिमेला कोर दिसताच तू रीतीप्रमाणे आधी चंद्राला ओवाळलेस, वाऱ्याने निरांजन दोनदा विझले, आणि दुपारीच उडालेले यान त्या वेळी आपल्या डोक्यावरच्या आकाशात कुठेतरी फिरत होते. ते पत्र तिने देवघरातल्या फडताळात जपून ठेवले आहे.

घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहायचे असेल, तर आधी त्यांच्याकडे बसून विचारावे. ११ जुलै १९७९ रोजी स्कायलॅब ही अमेरिकेची अवकाशातली प्रयोगशाळा कोसळली आणि तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले, पण त्याआधीचे दिवस इकडच्या लोकांनी धास्तीत काढले होते. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा अवकाशात गेले, तेव्हाच्या आठवणीही पुष्कळांकडे असतात. आजोबा जे शब्द वापरतील तेच उतरवून घ्यावेत, त्यांची भाषा सुधारू नये.

चित्राच्या बाबतीत मात्र काटेकोर असावे, कारण आकाश पाहणाऱ्याला चूक लगेच खटकते. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, म्हणून त्या पत्रावर पूर्णचंद्र काढू नये. पणत्या आणि तारे पुरेत. भाऊबीजेच्या पत्रासाठी काळ्या कागदावर वाटी पालथी घालून पांढऱ्या पेन्सिलीने हलका गोल काढावा, त्याचा व्यास आखावा, आणि वाटीपेक्षा किंचित मोठ्या ताटलीची कड व्यासाच्या दोन्ही टोकांतून जाईल अशी ठेवून आतली कमान ओढावी. कोरीची उजळ बाजू नुकत्याच मावळलेल्या सूर्याकडे, म्हणजे खाली क्षितिजाकडे, आणि टोके वर असावीत. दोन टोकांच्या मध्ये तारा काढू नये, तिथे चंद्राचाच अंधारा भाग असतो. पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने तो भाग पुसट दिसतो, म्हणून बोटाने थोडी राखाडी छटा पसरावी; खानापूरच्या बाजूला, शहराच्या दिव्यांपासून दूर गेलात तर हे प्रत्यक्ष पाहून मगच रंगवता येते.

आर्यभट्ट उपग्रहावर १९७५ मध्ये आणि राकेश शर्मांच्या भारत-सोव्हिएत उड्डाणावर १९८४ मध्ये टपाल तिकिटे निघाली होती. घरातल्या जुन्या वहीत असे तिकीट सापडले, तर ते पत्राच्या आतल्या पानावर द्यावे, पण डिंक लावू नये. पानाला चार तिरप्या खाचा पाडून तिकिटाचे कोपरे त्यांत अडकवावेत.

कन्नड बोलणाऱ्या मित्राला पत्र देताना ‘दीपावळिय शुभाशयगळु’ एवढी ओळ त्याच्या लिपीत अवश्य असावी, आणि ती शेजारच्या कन्नड मुलाकडून लिहून घ्यावी, म्हणजे अक्षर चुकत नाही. आपल्या बेळगावात मराठी आणि कन्नड मुले एकाच गच्चीवरून चंद्र पाहत मोठी झाली आहेत, तेव्हा आठवणीतही दोघे असू द्यावेत.

मागच्या बाजूला मोहिमेचे नाव, तारीख आणि तिथी लिहून, पुण्या-मुंबईकडची पत्रे वसुबारसेच्या किमान आठ दिवस आधी टाकावीत. गावातली पत्रे मात्र फराळाच्या डब्याबरोबर स्वतः नेऊन द्यावीत, कारण अंधार पडताच त्या घरच्या माणसांबरोबर गच्चीवर जाऊन कोर शोधता येते.