पत्त्यांची जादू शिकायचीय? पुस्तक समोर उघडा, व्हिडिओ हाताशी ठेवा

सांगलीत कुठंही चार जणांत पत्त्यांची एखादी जादू करून दाखवा, बघणाऱ्यांपैकी एकजण तरी विचारणारच की हे यूट्यूबवर शिकलास का, आणि मग तो रात्री घरी जाऊन स्वतः सर्च करतो, दहा-बारा व्हिडिओ बघतो, कॅट घेऊन बसतो आणि थोड्याच दिवसात तो कॅट परत कपाटात जातो. आवड खरी असते, शिकायचा क्रम चुकलेला असतो. आज रंग बदलायचा व्हिडिओ, उद्या एका हातानं कापायचा, परवा कुणाच्या तरी खिशातनं पत्ता निघतो तो, असं दहा ठिकाणचं थोडं थोडं बघून हातात एकही जादू पूर्ण येत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे, रस्ता पुस्तकाचा धरायचा आणि जिथं हात अडेल तिथं व्हिडिओ लावायचा. हे नेमकं कसं करायचं ते लिहितो.

आधी पत्ते. घरात बदाम सात आणि मेंढीकोट खेळून मऊ पडलेला कॅट यासाठी चालत नाही, आणि ते पूर्ण प्लॅस्टिकचे येतात ते पण नको, ते हातात नको तेवढे सरकतात. कागदी, वरून कोटिंग असलेले घ्या. बायसिकल या ब्रँडचे ऑनलाइन मिळतात, जादूवाले बहुतेक तेच वापरतात, साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरचा पोकर साइज. हात लहान असेल, शाळेतला मुलगा-मुलगी शिकत असेल तर ब्रिज साइज घ्या, तो रुंदीला थोडा कमी असतो. साताऱ्याकडं पावसाळ्यात पत्ते दमट होऊन फुगतात तेव्हा सराव झाला की लगेच डबीत घालायचे. आणि बसायचं सतरंजीवर किंवा दुहेरी चादर घालून, गुळगुळीत टेबलावरनं पत्ता उचलताच येत नाही.

आता पुस्तक का म्हणतो ते एका ओळखीच्या जादूवरनं सांगतो. २१ पत्त्यांची जादू, घराघरात येते ती. आडवे वाटत सात-सातच्या तीन उभ्या रांगा लावायच्या, समोरच्यानं एक पत्ता मनात धरायचा आणि फक्त रांग सांगायची, ती रांग दोघींच्या मधे घालून पत्ते गोळा करायचे, असं तीनदा केलं की त्याचा पत्ता वरून अकरावा. व्हिडिओत बहुतेक एवढंच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण अकरावाच का? पहिल्यांदा रांग मधे घातली की पत्ता ८ ते १४ मधे कुठंतरी असतो. परत वाटले की हे सात पत्ते कुठल्याही रांगेत तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या जागेवरच पडतात. परत ती रांग मधे घातली की तो १०, ११ किंवा १२ वा झाला, आणि तिसऱ्यांदा वाटताना हे तिन्ही पत्ते आपापल्या रांगेत बरोबर चौथे येतात. म्हणजे तिसऱ्यांदा त्यानं रांग दाखवली त्याच क्षणी तुम्हाला त्याचा पत्ता समोर दिसतोय, रांगेतला मधला! मग अकरा मोजत बसायची गरजच नाही, पत्ते त्याच्याच हातात द्या, म्हणा पिस तुला पाहिजे तेवढं, आणि पिसून झाल्यावर एकेक पत्ता बघत त्याचा काढून द्या. जादू तीच, पण आता मोजणं गायब झालं आणि बघणारा खरंच चक्रावतो. चांगलं पुस्तक असं कारणासकट शिकवतं, तिथं थांबून पत्ते मांडून बघावं लागतं, आणि कारण कळलं की जादू तुम्हाला पाहिजे तशी वळवता येते.

कुठलं पुस्तक घ्यायचं? सुरुवातीला मराठीतलं जादूच्या प्रयोगांचं एखादं पातळ पुस्तक वाचनालयातनं मिळालं तर जरूर आणा, त्यातल्या मोजणीच्या जादू हाताच्या सफाईशिवाय होतात आणि लोकांसमोर उभं राहायची भीती त्यानंच जाते. त्यापुढं मात्र इंग्रजीकडं जावं लागतं. ह्यूगार्ड आणि ब्राउ यांचं रॉयल रोड टू कार्ड मॅजिक, १९४८ चं, मी आधी हेच सांगेन, कारण ते पिसण्यापासून सुरू होतं आणि प्रत्येक प्रकरणात आधी एक हात, म्हणजे हातचलाखीची एक ठरावीक हालचाल, आणि मग त्याच हातावर चालणाऱ्या जादू दिलेल्या आहेत, म्हणजे शिकलेलं लगेच वापरता येतं. रोबेर्टो जिओबी यांचं कार्ड कॉलेज पाच भागांचं आहे, फार बारकाईनं लिहिलंय, पण खर्च मोठा आहे, ते नंतर बघा. आणि एक सांगून ठेवतो, अर्डनेझ या टोपणनावानं १९०२ साली आलेलं एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल फुकट मिळतं म्हणून पुष्कळ जण तेच आधी उघडतात. पुस्तक थोर आहे यात वाद नाही, पण त्याचा मोठा भाग जुगारातल्या हातचलाखीवर आहे, नवशिक्याचे हात त्याला तयार नसतात आणि माणूस उगाच निराश होतो.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका, या पुस्तकांतली भाषा ठरावीक आहे, पन्नासेक शब्द कळले की गाडी चालते. दोन गोष्टी मात्र आधीच वहीत लिहून ठेवा. एक, फर्स्ट फिंगर म्हणजे तर्जनी, अंगठा मोजायचाच नाही, त्यामुळं सेकंड फिंगर मधलं बोट, थर्ड म्हणजे अनामिका. हे माहीत नसलं तर सगळं एक-एक बोटानं चुकतं आणि पुस्तकच चुकीचं आहे असं वाटायला लागतं. दोन, आउटर एंड म्हणजे तुमच्यापासून लांबची बाजू, इनर एंड म्हणजे पोटाकडची. एक वाक्य वाचायचं, तेवढंच हातानं करायचं, मग पुढचं वाक्य. अख्खा परिच्छेद वाचून मग पत्ते उचलले तर काही लक्षात राहत नाही.

पहिला हात म्हणून साधं पिसणं घ्या, जे आपण सगळे करतो तेच, पण वरचा पत्ता हरवू न देता. कॅट उजव्या हातात उभा धरा, अंगठा पोटाकडच्या बाजूला आणि मधली दोन बोटं लांबच्या बाजूला. डाव्या अंगठ्यानं सगळ्यात वरचा एकच पत्ता डाव्या हातात ओढून घ्या आणि बाकीचे नेहमीसारखे थोडे थोडे त्याच्यावर पिसत जा. आता तो पत्ता तळाला गेला. लगेच परत पिसायला घ्या, शेवटी थोडेच पत्ते उरले की ते एकेक करून ओढा, सगळ्यात शेवटचा तोच पत्ता आणि तो परत वर आला. लोकांना दोनदा व्यवस्थित पिसलेलं दिसलं, पत्ता मात्र जागच्या जागी. टीव्ही बघताना, एसटीच्या प्रवासात, कुठंही हे करत राहा, हाताकडं न बघता आणि बोलता बोलता व्हायला लागलं की झालं.

इथं व्हिडिओ कामाला येतो, कारण पिसण्याची लय कागदावर उतरत नाही, किती सैल धरायचं, किती वेगानं करायचं हे डोळ्यानंच बघावं लागतं. त्यासाठी जादूचं नाव टाकून शोधू नका, त्या हाताचं नाव टाका, 'ओव्हरहँड शफल' (म्हणजे हेच साधं पिसणं), 'की कार्ड', 'डबल लिफ्ट' (ही दोन पुढं येतात) असं. आर. पॉल विल्सन या जादूगारानं तर रॉयल रोड व्हिडिओवरच शिकवलंय, पुस्तक आणि ते जोडीनं बघितलं तर उत्तम. एरवी शिकवणारा समोरून दिसत असेल तर त्याचा डावा हात तुम्हाला उजवीकडं दिसतो, त्यामुळं खांद्यावरून शूट केलेला व्हिडिओ शोधा. स्पीड अर्ध्यावर आणा. कॉम्प्युटरवर बघत असाल तर व्हिडिओ थांबवून कीबोर्डवरची स्वल्पविराम आणि पूर्णविरामाची बटणं दाबा, एकेक फ्रेम मागं-पुढं जाते, करंगळी कुठं आहे ते तिथं सापडतं. रील्स बघायच्या असतील तर मजेसाठी बघा की, पण त्यात बरंचसं एका कोनातनंच चालणारं असतं, आपल्याकडं हॉलमधे चारी बाजूंनी पोरं उभी असतात तिथं ते उघडं पडतं.

स्वतःचा हात तपासायला आधी आरसा, मग मोबाइल. आरशासमोर एक घोळ होतो, नेमक्या हालचालीच्या वेळी आपले डोळे नकळत मिटतात आणि आपल्याला वाटतं सफाई जमली. मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं की खरं काय ते कळतं.

बोलणं हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि व्हिडिओ सगळ्यात जास्त नुकसान इथंच करतो. व्हिडिओवरनं शिकलेला पोरगा त्या शिकवणाऱ्याचीच वाक्यं, त्याचेच हातवारे, कधी कधी त्याचं इंग्रजीसुद्धा उचलतो आणि समोर बसलेल्या आत्याला म्हणतो, पिक अ कार्ड. आत्या हसते आणि जादू तिथंच संपते. पुस्तकात आवाजच नसतो, त्यामुळं वाक्यं तुम्हालाच शोधावी लागतात, आणि ती मराठीत शोधा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली याच सांगलीत सीता स्वयंवर केलं, नाट्यपंढरीतल्या माणसाला समोरच्याशी बोलायचं कसं हे बाहेरनं आणायची गरज नाही. "आत्या, एक पत्ता घ्या, मला दाखवू नका, काकांना दाखवा, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको", एवढं पुरतं. जादू बसली की ही वाक्यं वहीत लिहून काढा आणि मोठ्यानं म्हणत हात करा, कारण गप्प बसून जमलेला हात बोलायला लागलं की अडखळतो.

पिसणं हाताला बसलं की पुढं 'की कार्ड', म्हणजे खुणेचा पत्ता, घ्या. तळाचा पत्ता आधी हळूच बघून ठेवायचा, समोरच्यानं आपला पत्ता कॅटवर ठेवला की त्यालाच कापायला लावायचं, कापून खालचा भाग वर ठेवला की तुम्ही बघितलेला पत्ता बरोबर त्याच्या पत्त्यावर येऊन बसतो. मग वरून एकेक पत्ता उलटत जायचं, तुमचा दिसला की त्याच्या पुढचा त्याचा. कितीही वेळा कापू द्या, जोडी सहसा तुटत नाही, पण पिसू मात्र द्यायचं नाही. लगेच थांबू नका, दोन-चार पत्ते आणखी उलटा आणि मग म्हणा, आता जो पत्ता उलटीन तो तुमचा. तो म्हणणार हुकलं तुमचं, आणि तुम्ही आधी उलटलेल्यांतनंच त्याचा पत्ता उचलून पालथा घालायचा.

डबल लिफ्ट, म्हणजे दोन पत्ते एक म्हणून उलटणं, याची सगळ्यांना घाई असते, तो २१ पत्त्यांची आणि की कार्डची या दोन जादू घरच्यांसमोर बोलत बोलत करता यायला लागल्यावरच सुरू करा. तोपर्यंत करंगळीला पत्त्याखाली फट धरायची सवय नसते आणि ती नसताना केलेला डबल लिफ्ट पहिल्या रांगेतल्या मुलाला सुद्धा कळतो. पुस्तकात या फटीचं चित्र करणाऱ्याच्या बाजूनं काढलेलं असतं, ते समोर ठेवून बसा, आणि पत्ते सरळ करायच्या निमित्तानं ती फट कशी धरायची ते व्हिडिओ अर्ध्या स्पीडवर लावून बघा.