कोल्हापूरवरनं पुण्याला गाडी काढताय? मग हायवेवर थांबताना या चुका टाळा

पुण्याला जाऊन आलं की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, किती तासात पोचलास? चार तास म्हटलं की समोरचा लगेच म्हणणार, मी साडेतीनमध्ये गेलतो. मध्ये कुठं थांबलास, आईला पाय मोकळे करायला मिळाले का, बाथरूम बरं होतं का, हे कोण विचारत नाही. कोल्हापुरातल्या तावडे हॉटेल चौकापासून पुण्याच्या कात्रजपर्यंत साधारण २३० किलोमीटर, त्यात कागल ते साताऱ्याच्या पट्ट्यात सहापदरीचं काम, डायव्हर्जन, अर्धवट पूल, सर्व्हिस रोडवरची गर्दी. अशा रस्त्यावर थांबणं म्हणजे वेळ घालवणं हे डोक्यातनं काढून टाका, थांबा हा ड्रायव्हिंगचाच भाग आहे आणि तो नीट घेतला नाही तर बाकी सगळं चांगलं चालवून काय उपयोग नाही.

कुठं थांबायचं ते ठरवलेलंच नसतं

ही सगळ्यात कॉमन चूक. निघताना ठरतं "बघू वाटेत", मग किणी टोलला वाटतं आत्ताच तर निघालोय, पेठ नाक्याला वाटतं कराडला थांबू, कराडला पुलाच्या गर्दीतनं सुटलो की वाटतं आता साताराच गाठू, आणि साताऱ्याच्या पुढं मागच्या सीटवरनं "आता थांबवाच" असा आवाज आला की जागा मिळेल तिथं ब्रेक. असं घाईत थांबलं की जागा चांगली मिळतच नाही.

त्यापेक्षा निघतानाच दोन जागा पक्क्या करा. एक कराड-तासवडेच्या आसपास, दुसरी आनेवाडी टोल ते सुरूर या पट्ट्यात, म्हणजे खंबाटकी घाटाच्या अलीकडं. पुण्याकडं जाताना आपण बोगद्यातनं जातो आणि बोगदा संपल्यावरचं वळण आणि उतार लय जणांना महागात पडलाय, तिथं ड्रायव्हर ताजा पाहिजे, म्हणून दुसरा थांबा घाटाच्या आधी. मुंबईपर्यंत जायचं असेल तर एक्स्प्रेसवेवर फूड मॉल सोडून मध्ये कुठंही गाडी उभी करायला परवानगी नाही हे धरून तिसरा थांबा आधीच ठरवा.

एस्टी, ट्रक चालवणाऱ्यांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा होता, त्यात सलग पाच तासांच्या वर काम नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ज्यांचा हा रोजचा धंदा आहे त्यांच्यासाठी ही मर्यादा. आपण महिन्या-दोन महिन्यातनं एकदा लांबचं ड्रायव्हिंग करतो, आपल्याला दर दोन तासांनी थांबायलाच पाहिजे.

कडेला गाडी घेऊन "दोनच मिनिटं" थांबणं

फोन आला, डबा उघडायचाय, पोराला उलटी होतीय, लघवीला जायचंय, कारण काहीही असू दे, हायवेच्या कडेच्या पट्टीवर गाडी उभी करायची नाही. मागनं येणारी गाडी शंभरच्या स्पीडला असेल तर ती सेकंदाला जवळजवळ २८ मीटर येते. त्या ड्रायव्हरला लांबनं तुमची टेललाईट दिसते पण गाडी चाललीय का उभी आहे हे कळत नाही, रात्री तर अजिबात नाही, आणि कळेपर्यंत त्याच्याकडं ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. उभ्या ट्रकला मागनं धडक ही बातमी आपण पेपरात किती वेळा वाचतो आठवा. थांबलेली गाडी सुरक्षित असते हा समजच चुकीचा आहे, हायवेवर थांबलेली गाडीच जास्त धोक्यात असते.

टोलनाका पार झाल्यावर डाव्या बाजूला मोकळी जागा असते, तिथं थांबा. पंपावर आत वळा. नाहीतर सर्व्हिस रोडला उतरून गावाच्या बाजूला घ्या, दोन-चार मिनिटं जास्त जातील, जाऊ देत.

गाडी बंदच पडली तर गोष्ट वेगळी. हॅझार्ड लाईट लावा, गाडीसोबत आलेला लाल त्रिकोण डिकीत प्लॅस्टिकमध्येच पडून असतो तो काढा आणि कडेकडेनं चालत मागं चांगला पन्नास पावलांवर ठेवा, आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांना गाडीतनं उतरवून रेलिंगच्या पलीकडं उभं करा. बाहेर ऊन आहे म्हणून म्हातारी माणसं आणि पोरं गाडीतच बसवून ठेवतात, तसं करू नका. मग १०३३ ला फोन लावा. राष्ट्रीय महामार्गाची ही हेल्पलाईन दिवसरात्र चालू असते, क्रेन, पेट्रोलिंगची गाडी, ॲम्ब्युलन्स सगळं त्यावर सांगता येतं. जवळचा किलोमीटरचा दगड बघून नंबर आणि कुठल्या बाजूला आहे (पुण्याकडं जाणारी का कोल्हापूरकडं येणारी) एवढं सांगितलं की त्यांना शोधत बसावं लागत नाही. जखमी असेल तर १०८.

पलीकडच्या बाजूचा ढाबा

आवडीचं हॉटेल नेमकं समोरच्या लेनला असतं. मग कोण राँग साईडनं शंभर मीटर घुसतं, कोण गाडी इकडं लावून डिव्हायडर ओलांडून चालत जातं, हातात लहान पोर धरून. कृपा करून हे करू नका. येताना थांबा तिथं, ते कुठं जात नाही.

लघवी दाबून धरणं आणि त्यासाठी पाणीच न पिणं

यावर जरा जास्त लिहितो, कारण हे घराघरात चालतं आणि बोलत कोण नाही. प्रवास म्हटलं की आपल्या आया-बहिणी सकाळपासून पाणी बंद करतात. चहासुद्धा नको म्हणतात. चार-पाच तास तसंच, उन्हाळ्यात सुद्धा. त्यातनं डोकं दुखणं, चक्कर, नंतर लघवीची जळजळ आणि इन्फेक्शन, आणि घरी आल्यावर "प्रवास बाधला". बाधतो तो प्रवास नव्हं, पाणी न पिणं बाधतं. शुगर असणाऱ्यांना, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या मोठ्या माणसांना, गरोदर बायकांना तर दाबून धरणं जमतच नाही आणि त्यांनी तसं करूही नये. ते संकोचानं बोलत नाहीत, म्हणून गाडी चालवणाऱ्यानंच तासा-दीड तासानं आपणहून विचारायला पाहिजे.

आता जायचं कुठं. टोलनाक्यावर स्वच्छतागृह असतं आणि ते फुकट असतं, आपण भरतो त्या टोलमधलीच ती सोय आहे. लय लोकांना हे माहितीच नाही, फास्टॅग वाजला की गाडी दामटतात. दुसरं म्हणजे पेट्रोल पंप. तेल भरा किंवा भरू नका, पंपावर टॉयलेट, पिण्याचं पाणी आणि टायरची हवा फुकट द्यायचा नियम आहे. पंपावर दाराला कुलूप दिसलं की माणसं मागं फिरतात, तसं फिरू नका, चावी बहुतेक वेळा आत ऑफिसात खिळ्याला लटकवलेली असते, लाकडाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या तुकड्याला बांधून, मागितली की देतात. नाही म्हणाले तर शांतपणे तक्रारवही मागा, वही म्हटल्यावर चावी सापडते.

घाण असेल तर? नाक धरून बाहेर येऊन शिव्या घालण्यानं पुढच्या बाईची सोय होत नाही. फोटो काढा. महामार्ग प्राधिकरणाचं राजमार्गयात्रा ॲप आहे, त्यावर तक्रार टाकता येते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर टोलनाक्यावरच्या घाण टॉयलेटचा फोटो त्या ॲपवर टाकला आणि तो खरा निघाला तर फास्टॅगमध्ये १००० रुपयांचा रिचार्ज अशी योजना काढली होती, पंप आणि ढाब्यावरची टॉयलेटं त्यात नव्हती. बक्षीस असू दे नसू दे, तक्रार गेली की नोंद होते आणि नोंद झाली की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

गाडीत एक पिशवी कायम ठेवा. टिश्यू, साबणाचे कागद, एक पाण्याची बाटली फक्त त्यासाठीच, पॅड, छोटी टॉर्च कारण दिवा नसतो, आणि गुडघे दुखणारं कोण सोबत असेल तर कमोड आहे का हे आधी बघून या, मग त्यांना उतरवा.

तांबडा-पांढरा ओरपून लगेच स्टेअरिंग

पाहुणे आले की दुपारी मटण थाळी होणारच, त्याशिवाय आपण सोडत नाही. पण दीडला जेवून दोनला निघालेला ड्रायव्हर पेठ नाक्याच्या पुढं जांभया द्यायला लागतो. दुपारी दोन ते चार आणि पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराला झोप येतेच, जेवण त्यात भर घालतं. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं याचा असर थोडाच वेळ टिकतो. एखादा किलोमीटर कसा गेला आठवत नाही, गाडी पट्टीवरनं सरकतीय, असं झालं की पुढच्या पंपावर आत घ्याच.

तिथं करायचं काय: आधी चहा किंवा कॉफी प्या, मग सीट मागं करून १५-२० मिनिटांचा अलार्म लावून झोपा. कॉफीचा असर व्हायला वीस मिनिटं तरी लागतात, म्हणजे उठता तेव्हा दोन्हीचा फायदा मिळतो. तासभर झोपलात तर उठल्यावर अंग जड होतं, मग दहा-पंधरा मिनिटं चालल्याशिवाय गाडी हातात घेऊ नका. आणि काचा बंद, इंजिन चालू, एसी लावून झोपायचं नाही. सायलेन्सर कुठं गळत असेल किंवा गाडी कोंदट जागेत असेल तर विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. सावलीत लावा, काच थोडी खाली ठेवा.

थांबल्या थांबल्या हवा चेक

पळून आलेलं टायर गरम असतं, त्यात प्रेशर जास्तच दाखवणार. तिथं पंपावरचा पोरगा हवा कमी करून देतो आणि टायर थंड झालं की ते कमी हवेवर राहतं, कमी हवेचं टायर जास्त तापतं आणि फुटतं. हवा सकाळी घराजवळच भरून निघा. थांब्यावर फक्त टायरभोवती एक चक्कर मारा, खिळा, फुगवटा, चीर बघा. इंजिन तापलं असेल तर रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, अर्धा तास थांबा.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात: दुकानात, काउंटरवर पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त घेत असतील तर बिल मागा, १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे. पावसाळ्यात निघताना पंचगंगेची पातळी बघा, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी येऊन रस्ता बंद पडला होता आणि गाड्या जागेवर अडकल्या होत्या, त्या दिवसात गाडीत पाणी, बिस्किटं, औषधं जास्तीची ठेवा.

ट्रकच्या जागेत कार लावणं

पंपावर, टोलजवळच्या मोकळ्या जागेत लांब गाड्यांसाठी पट्टा असतो. सावली बघून आपण त्यात आडवी कार लावतो आणि जेवायला जातो. मग बंगळूरवरनं रात्रभर चालवत आलेला ट्रकवाला आत येतो, जागा दिसत नाही, आणि तो पुढं जाऊन हायवेच्या कडेलाच उभा राहतो. वर लिहिलेला उभा ट्रक तो हाच. ट्रक ड्रायव्हरांसाठी तेल कंपन्यांनी काही पंपांवर 'अपना घर' नावानं झोपायची, आंघोळीची, स्वयंपाकाची सोय केलीय, पण जागाच आपण अडवली तर त्याला तिथं पोचता येत नाही. कार कारच्या जागेत लावा, ट्रकवाला वाट बघत असेल तर जेवण अर्धं ठेवून उठा आणि गाडी हलवा.