गटाने वेबसाइट करताना: अंतिम वर्षाच्या प्रकल्पातून शिकलेले

चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून वेबसाइट तयार करायची असेल, तर कोडची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी डेटाबेसमधील टेबले आणि एपीआयची (वेबपान आणि सर्व्हर यांच्यातील माहितीच्या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या पद्धतीची) रचना सर्वांनी एकत्र बसून कागदावर ठरवून घ्यावी. आम्ही ते टाळले, आणि सर्व्हरकडून ५ एप्रिल म्हणून आलेली ‘०५/०४’ ही तारीख ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट या भाषेतील कोडने पहिला आकडा महिना समजून ४ मे म्हणून दाखवली; ही चूक शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने पाठवावी.

गिट (कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) वापरताना प्रत्येक कामासाठी वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, काढावी आणि ती शक्यतो रोज मुख्य ब्रँचमध्ये मिसळावी. आठवडाभर साठवलेले बदल एकदम मिसळले, की एकमेकांशी न जुळणारे बदल दाखवणाऱ्या सात-सात कोनचिन्हांच्या खुणा फाइलभर उमटतात आणि कोणाचा कोड ठेवायचा हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. डेटाबेसचा पासवर्ड मात्र गिटमध्ये कधीही जाऊ देऊ नये. नंतर फाइल पुसली तरी तो इतिहासात राहतो, म्हणून चुकून गेलाच तर तो तत्काळ बदलावा.

वेबसाइट सर्व्हरवर चढवण्याचे काम सादरीकरणाच्या आदल्या रात्रीसाठी ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. विंडोजवर व्यवस्थित दिसणारे चित्र लिनक्स सर्व्हरवर सापडत नाही, कारण तेथे फाइलच्या नावातील इंग्रजी मोठे आणि लहान अक्षर वेगळे मानले जाते. पहिल्याच आठवड्यात एखादे चित्र असलेले साधे पान चढवून पाहिल्यास अशा अडचणी वेळेत समोर येतात.