शंखी गोगलगायीची मोहीम दरवर्षी का फसते? या चुका टाळा

कुणी गोगलगायीवर औषध विचारलं की मी आधी विचारतो, बांधापलीकडचा शेतकरी काय करतोय? तो काही करत नसेल तर तुमचं औषध दोन-चार रात्री पुरेल. 2022च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हिने उगवतं सोयाबीन फस्त केलं, कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली, तरी आपण अजून हा ज्याच्या-त्याच्या रानाचा प्रश्न समजतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे वेचलेल्या गोगलगायी जिवंत टाकून देणं. आमच्या भागातल्या एका गावात पोरांनी जोरात मोहीम काढली. पहाटे अख्खं गाव रानात, बाया-बापड्यांसकट. ट्रॅक्टरची ट्रॉली भरली. एवढी मेहनत झाल्यावर खड्डा खणायचा कंटाळा आला, म्हणून ट्रॉली ओढ्यात पालथी केली. पाण्यात मरतील म्हणे! पाणी गुडघाभरसुद्धा नव्हतं. गोगलगायी काठाच्या गवतात चढल्या आणि पुढच्या पावसाला ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या रानांत शिरल्या. ज्यांच्याकडे आधी फारशा नव्हत्या, त्यांचंही सोयाबीन गेलं. दोन वस्त्यांत भांडण लागलं आणि पुढच्या वर्षी बोलावूनही कुणी आलं नाही. मला त्या पिकापेक्षा या शेवटच्या गोष्टीचं जास्त वाईट वाटतं.

वेचताना बादलीत मिठाचं किंवा साबणाचं दाट पाणी ठेवा. सकाळी टाकलेल्या मी संध्याकाळी काठीने ढवळून बघतो, हालचाल नसेल तरच खोल खड्ड्यात चुना टाकून पुरतो. मीठ थेट रानात फेकू नका, जमीन तुमचीच खराब होते.

दुसरी चूक उशिराची. पीक कुरतडलेलं दिसल्यावर धावाधाव सुरू होते. ही उन्हाळाभर बांधाच्या दगडांत आणि मातीत शंखाचं तोंड बंद करून पडून असते, पहिल्या मोठ्या पावसाला उपाशी बाहेर येते. तेव्हा रानात पीक नसतं, ती उघड्यावर दिसते आणि तिने अंडी घातलेली नसतात. वेचायची वेळ तीच. नर-मादी वेगळे नसल्यामुळे अंडी प्रत्येकच घालते, एका वेळी शंभराच्या वर, तीही मातीत. एकदा मीलन झालं की पुढे अनेकदा घालते. म्हणून पेरणीआधीच्या चार सकाळी मला पेरणीनंतरच्या महिन्यापेक्षा मोलाच्या वाटतात. पण तेव्हा सगळ्यांना पेरणीची घाई असते, आणि नवीन पोरांना तर वेचणं म्हणजे बायकांचं काम वाटतं.

गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी बांधालगत अंथरा. सकाळी ऊन चढायच्या आत त्याखाली जमलेल्या गोगलगायींसकट उचला. दुपारी उचलणाऱ्याला रिकामं गोणपाट मिळतं, मग तो उपायालाच नावं ठेवतो.

गोगलगाय मारणाऱ्या मेटाल्डिहाईड या विषाच्या गोळ्या (2 टक्के, एकरी साधारण 2 किलो) चांगल्या आहेत, पण भर पावसात टाकल्या तर पैसे पाण्यात. उघडीप बघून संध्याकाळी टाका, ढीग करू नका. कुत्री आणि जनावरं त्या खाऊन मरतात, त्यामुळे टाकायच्या आदल्या दिवशी शेजारच्या वस्तीवर जाऊन सांगा. हे सांगायलाही लोक आळस करतात, याचा मला खरंच राग येतो.

गोगलगायीला अडवायला बांधालगत टाकलेला चुन्याचा पट्टा पाऊस पडला की संपला. परत टाकायची तयारी असेल तरच त्याच्या भरवशावर राहा.

उघड्या हाताने वेचू नका, लहान पोरांना तर अजिबात नको. हिच्या अंगात माणसाच्या मेंदूला अपाय करणारे कृमी असू शकतात. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा.

बांधावरचं गवत आणि दगडांचे ढीग उन्हाळ्यातच हलवा. शेणखत किंवा रोपवाटिकेतली रोपं आणली की माती उकरून बघा, पांढरट-पिवळसर अंडी दिसली तर तिथेच चिरडा. ज्या गावात गोगलगाय अजून नाही, तिथे ती बहुधा अशीच पोचते.