रविवारी तासभर द्या, मग आठवडाभर पोळी-भाताची आठवण येणार नाही

लो कार्ब (म्हणजे भात-पोळीसारखे पिष्टमय पदार्थ कमी खाणं) करताना गाडी घसरते ती संध्याकाळी, दमून घरी आलं की, कारण समोर पोळ्यांचा डबा तयार असतो आणि आपलं काहीच तयार नसतं. म्हणून रविवारी भाताच्या जागी खायला फ्लॉवरचा एक मोठा गड्डा आणा, मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा (अळ्या असल्या तर वर येतात), मग पूर्ण निथळून, पुसून जाड किसणीवर किसा. मिक्सर नको, लगदा होतो. किसलेला फ्लॉवर सुती पंचात घालून घट्ट पिळा, बघा किती पाणी निघतं ते, हेच पाणी राहिलं की भाताऐवजी खिमट होतं. कोरडा करून डब्यात भरा, फ्रीजमध्ये तीन दिवस मस्त राहतो, जास्त असेल तर फ्रीजरला टाका. आयत्या वेळी तुपात जिरं-हिंग-कढीपत्ता, मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं, झाकण अजिबात नाही, मीठ शेवटी. शिजलेल्या 100 ग्रॅम भातात साधारण 28 ग्रॅम कार्ब असतात, फ्लॉवरमध्ये 5 च्या आसपास, म्हणून मला ही मेहनत पटते.

सोबत सहा अंडी उकडून सालासकट फ्रीजमध्ये ठेवा, आठवडाभर चालतात. मेथी-पालक निवडून ठेवा पण धुवू नका, ओली राहिली की दोन दिवसांत काळी पडते.

आणि घरात कुणाला शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला प्लीज, डोस तोच राहिला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते.